गाडीला शेवाळं धरलंय? घासायच्या आधी भिजत घाला

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची वॅगन-आर देवळाली कॅम्पच्या घरी आंब्याखाली जी उभी राहिली ती घट बसायच्या तोंडापर्यंत हललीच नाही. मी नाशिकच्या इंदिरानगरहून दर पंधरा दिवसांनी जाऊन गाडी स्टार्ट करून यायचे, एवढंच, भर पावसात छत्री सांभाळत गाडीला चहूबाजूंनी बघणं काही व्हायचं नाही. सप्टेंबर संपता संपता चांगलं ऊन पडलं तेव्हा नीट पाहिलं तर ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेखालच्या रबरातून हिरवीगार मखमल वर आलेली, टपाच्या दोन्ही पट्ट्यांत शेवाळं, मागच्या नंबर प्लेटच्या वरून काळपट ओघळ, आणि वायपरखालच्या जाळीत गवताची दोन पाती. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर बसूनच विचारत होते, "काय गं, फार खराब झाली का?" मी म्हटलं, नाही बाबा, धुतली की होईल.

ती गाडी नीट व्हायला दोन रविवार गेले, आणि त्यानंतर सासऱ्यांची, मावशीची, ऑफिसातल्या दोघांची अशा बऱ्याच गाड्यांचं शेवाळं काढून झालं, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. पहिल्यांदाच करणार असाल तर एकदा पूर्ण वाचा आणि मगच बादली भरा, कारण या कामात जे नुकसान होतं ते शेवाळ्याने कमी आणि ते काढायच्या घाईने जास्त होतं.

आधी हे येतं कुठून ते बघू. नाशिक शहरात वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास, तिकडे इगतपुरीला ३००० च्याही वर जातो, म्हणून आपल्याला वाटतं शेवाळं हे घाटातल्या लोकांचं दुखणं. माझे मामा पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षबागवाले, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पाऊस किती झाला ते नको विचारू, पान किती तास ओलं राहिलं ते विचार." डाऊनीचं, म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणाऱ्या केवडा रोगाचं, जे गणित बागेत तेच गाडीचं. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की नाशकात पाऊस रिपरिप असतो पण चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि झाडाखाली किंवा बिल्डिंगच्या उत्तरेच्या बाजूला उभी असलेली गाडी वाळतच नाही. पत्रा वाळतो हो, सपाट आहे, वारा लागतो. वाळत नाहीत त्या फटी. म्हणून शेवाळं कधी बोनेटच्या मधोमध सुरू होत नाही, ते रबराच्या खोबणीत, डिकीच्या कडेला, पेट्रोलच्या झाकणाच्या आत, टेललॅम्पच्या फटीत, आरशाच्या बुडाशी असं कोपऱ्याकोपऱ्यातून येतं.

आपण सरसकट सगळ्याला शेवाळं म्हणतो पण गाडीवर चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय थोडा वेगळा आहे.

बोटाला बुळबुळीत लागतो आणि बोट हिरवं होतं तो पातळ थर म्हणजे खरं शेवाळं. त्याला नुसता उजेड आणि पाणी पुरतं, खायला काही लागत नाही, म्हणून ते स्वच्छ काचेच्या कडेलाही येतं, आणि निघतंही सगळ्यात सोपं.

मखमलीसारखे उभे गुच्छ दिसले तर ते मॉस, शाळेच्या पुस्तकात ज्याला हरिता म्हणायचे ते. याला खरी मुळं नसतात, केसासारखे तंतू असतात त्यांनी ते धूळ-मातीला धरून राहतं. म्हणजे मॉस आहे तिथे खाली मातीचा थर आहेच हे समजून चाला. हे स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं आणि त्याच्याखाली रंगाचा टवका उडालेला असेल तर तिथे गंज सुरू होतो, त्यामुळे दिसायला सुंदर असलं तरी राहू द्यायचं नाही.

बुरशी म्हणजे काळे किंवा पांढरट ठिपके, कधी पूर्ण काळी साय. हिला मात्र खाऊ लागतो. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा डिंक, साठलेली धूळ, काहीही चालतं. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष वाचा: मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे असतात, ते जो गोड चिकटा सोडतात तो खाली गाडीवर बारीक फवाऱ्यासारखा पडतो, आणि त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. आंब्याच्या पानांवर जी काळी पुटं दिसतात ना, तीच. म्हणजे पावसाळ्यात दिसणाऱ्या काळेपणाची सुरुवात कधी कधी फेब्रुवारीतच झालेली असते. अशा ठिकाणी वरचं काळं पुसून भागत नाही, खालचा चिकटपणा गेला पाहिजे.

चौथं म्हणजे दगडफूल. होय, गोडा मसाल्यात पडतं त्याच जातीतलं. राखाडी-हिरवट चपटे गोल, कडेने झालर असलेले. हे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीवरच सापडतं आणि हे सगळ्यात चिवट, कारण ते स्वतः आम्ल सोडतं आणि रंगावरच्या पारदर्शक थराला खातं. ते निघाल्यावरही गोल डाग राहू शकतो, त्याबद्दल पुढे सांगते.

सामान

फार काही लागत नाही. दोन बादल्या, कार शांपू, चार-पाच मायक्रोफायबरची फडकी, एक जुना मऊ टूथब्रश, एक इंचाचा रंगाचा ब्रश (नवा असेल तर उत्तम, रंग लागलेला नको), कुल्फीच्या दोन-तीन काड्या, जुना टॉवेल फाडून केलेल्या पट्ट्या, स्प्रेची बाटली, किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर, हातमोजे आणि मास्क. मास्क बुरशीसाठी, ते अजिबात टाळू नका, दमा असलेल्या माणसाने तर बुरशीचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं. रबरातले काळे ठिपके जुने असतील तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आणून ठेवा.

आता काय आणायचं नाही ते. हा भाग लांबतोय पण लांबू द्या, कारण माझ्यासमोर लोकांनी हे सगळं सुचवलंय आणि प्रेमानेच सुचवलंय.

शेजारचे काका म्हणाले, "रॉकेलचा बोळा फिरव, चकाचक होईल." होतं, दोन दिवस. पण दार-खिडकीचं रबर ज्या प्रकारचं असतं ते रॉकेल, पेट्रोल, जुनं इंजिन ऑइल, व्हॅसलीन असल्या पेट्रोलियमच्या तेलांनी फुगतं आणि सैल होतं, मग पुढच्या पावसाळ्यात पाणी आत. मामांनी मोरचूद सुचवलं, बागेत बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं पाणी, मारतात तसं. बागेला ठीक आहे, गाडीला अजिबात नको, मोरचुदाचं पाणी लोखंडाला खातं. कपडे धुवायच्या पावडरीने शेवाळं जातं पण जुनं वॅक्सही जातं आणि रबर-प्लास्टिक कोरडं पांढुरकं पडत जातं.

तारेची घासणी, काथ्या, भांड्याच्या स्पंजाची हिरवी खरखरीत बाजू, यातलं काहीही रंगाला लावायचं नाही. गाडीच्या रंगावर जो चमकणारा पारदर्शक थर असतो तो आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्यावर पडलेला ओरखडा पुसून जात नाही, पॉलिश करून आजूबाजूचा थर अजून पातळ करावा लागतो तेव्हा तो दिसेनासा होतो.

आणि ब्लीच. बाथरूमच्या फरशीचं शेवाळं ब्लीचने जातं म्हणून लोक तेच गाडीला लावतात. ब्लीचने काळं प्लास्टिक डागाळतं, रबर कडक होतं, उघड्या धातूला गंज लवकर धरतो. याहून गंभीर म्हणजे कोणी तरी आधी ब्लीच मारतं, फरक पडला नाही म्हणून वरून व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर ओततं. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हे केलं तर जिवावर बेतेल. घरात लहान मुलं मदतीला येत असतील तर ब्लीचची बाटली त्या दिवशी बाहेरच काढू नका.

दिवस कुठला निवडायचा

सलग दोन दिवस कोरडे असणार असं हवामान दाखवत असेल तो. सकाळी आठ-नऊला सुरू करा, गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागतोय अशी वेळ, म्हणजे शांपू आणि व्हिनेगर अंगावर वाळत नाही. आणि दुपारी गाडी उन्हात नेता येईल अशी सोय आधीच करून ठेवा. धुवायला सावली, वाळवायला ऊन.

पाणी घरचं वापरा, अंगणातला पाइप, दोन बादल्या आणि एक मग एवढ्यात काम होतं. गाडी गोदावरीवर नेऊन घाटाशी धुवायचा विचारही नको, शांपू आणि तेलकट घाण सरळ नदीत जाते.

आधी कोरडा कचरा

पाइप हातात घ्यायच्या आधी बोनेट, डिकी, चारही दारं, पेट्रोलचं झाकण सगळं उघडा. पानं, काड्या, मोहोराचा चुरा हाताने वेचून काढा. ही पायरी लोक गाळतात आणि सरळ पाणी मारतात, मग तोच चुरा वाहत जाऊन पाणी जायच्या भोकांत अडकतो आणि आतून तुंबतं.

वायपरखालच्या जाळीकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. बाबांच्या गाडीच्या त्या जाळीखालून मी ओंजळभर काळं, भुसभुशीत खत काढलं, अक्षरशः कुंडीत घालता येईल असं, त्यात आंब्याच्या पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या आणि एक बोटाच्या नखाएवढी गोगलगाय. गवताची पाती त्यातच रुजली होती. या जागेला लागूनच बऱ्याच गाड्यांमध्ये एसीची हवा आत घ्यायची वाट असते, त्यामुळे इथे पानं कुजली की गाडीत कोंदट वास येतो आणि लोक परफ्यूमच्या बाटल्या आणत बसतात. जाळी काढता येत नसेल तर जबरदस्ती करू नका, क्लिपा तुटतात, वरून बोटं आणि काडी जाईल तेवढं काढा आणि बाकी मेकॅनिककडून करून घ्या. एसीचा फिल्टरही त्याच वेळी बघा.

बुरशी दिसत असेल तिथे कोरडा ब्रश मारायचा नाही. आधी स्प्रेने साधं पाणी मारून ओलं करा म्हणजे ती हवेत उडून नाकात जात नाही.

भिजत घालणं

हीच खरी युक्ती, बाकी सगळं नुसतं पुसणं आहे. चणे जसे भिजवल्याशिवाय शिजत नाहीत तसं वाळलेलं मॉस आणि बुरशी भिजवल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावला की त्यात अडकलेली वाळू रंगावर घासली जाते.

पहिलं, पूर्ण गाडीवर साधं पाणी, वरून खाली, पाइपच्या मोकळ्या धारेने. मग एका बादलीत शांपूचं पाणी करा (बाटलीवर लिहिलेल्या मापानेच, जास्त घालून जास्त स्वच्छ होत नाही), त्यात टॉवेलच्या पट्ट्या बुडवून टपाच्या पट्ट्यांवर, काचेखालच्या रबरावर, नंबर प्लेटवर, जिथे जिथे हिरवं-काळं आहे तिथे ओल्या पट्ट्या घालून ठेवा. आजी ताप आल्यावर कपाळावर पट्टी ठेवायची तशा. वीस मिनिटं. वाळायला लागल्या तर वरून मगाने थोडं पाणी सोडा. तेवढ्यात चहा घेऊन या.

वीस मिनिटांनी पट्टी उचलली की साधं शेवाळं तर पट्टीलाच चिकटून येतं. मॉस फुगून मऊ झालेलं असतं, आता काडी घ्यायची.

फटी आणि रबर

काचेखालच्या रबराची जी खोबण असते तिच्या एका टोकाला कुल्फीची काडी आडवी, जवळजवळ झोपवून लावा आणि हळूहळू पुढे सरकवत जा. खुपसायची नाही, सरकवायची. नीट भिजलं असेल तर मॉस तुटत नाही, खालच्या मातीसकट सलग दोरीसारखं उचलून येतं, बाबांच्या गाडीचं तर वीतभर लांब एकच तुकडा आला होता, खाली करडी माती आणि वर हिरवी लव. तुटून तुटून येत असेल तर याचा अर्थ अजून भिजलेलं नाही, पट्टी परत ठेवा, दहा मिनिटं अजून जाऊ द्या. स्क्रू ड्रायव्हर, सुरी, हेअरपिन असं धातूचं काहीही वापरू नका, रबर कापलं गेलं तर ते शिवता येत नाही आणि खाली पत्र्याचा रंग असतो.

मोठं निघालं की उरलेल्या हिरव्या-काळ्यासाठी व्हिनेगर. एक भाग व्हिनेगर, एक भाग पाणी, स्प्रेच्या बाटलीत. आधी न दिसणाऱ्या एखाद्या कोपऱ्यात मारून पाच मिनिटं बघा, काही बदल दिसला नाही तर पुढे जा. रबरावर आणि काळ्या प्लास्टिकवर मारायचं, पाच ते दहा मिनिटं ठेवायचं, टूथब्रशने हलक्या हाताने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. वाळू द्यायचं नाही. रंगावर ओघळलं तर घाबरायचं कारण नाही, पण लगेच पाणी सोडा. खाली अंगणात शहाबादी फरशी असेल तर आधी ती ओली करून घ्या आणि नंतरही धुवा, शहाबादी चुन्याच्या जातीचा दगड आहे, व्हिनेगरने त्यावर पांढरे डाग पडतात.

रबरातले काळे ठिपके व्हिनेगरलाही दाद देत नसतील तर फडक्याच्या टोकावर थोडं आयसोप्रोपिल घेऊन तेवढाच भाग पुसा. थोडंच, कारण अल्कोहोलने रबर कोरडं पडतं. आणि नुकतंच पेंट केलेलं दार असेल तर त्या बाजूला हे नकोच. आगीपासून लांब हे वेगळं सांगायला नको. काही ठिपके रबरात आतपर्यंत मुरलेले असतात ते राहतील, राहू द्या. ते मेलेले डाग आहेत, पाणी धरत नाहीत.

टेललॅम्पची फट, आरशाचं बूड, दाराच्या बिजागऱ्या, डिकीची खालची कड, पेट्रोलच्या झाकणाची खोबण इथे रंगाचा ब्रश शांपूच्या पाण्यात बुडवून फिरवा, याचे केस लांब आणि मऊ असतात म्हणून फटीत पोचतात. पेट्रोलच्या टाकीचं आतलं झाकण घट्ट आहे ना हे आधी बघून घ्या. कॅरिअर लावलेलं असेल तर त्याच्या चारही पायांखाली बघा, तिथे हमखास असतं. मडगार्डच्या आतल्या कडेलाही हात फिरवा, तिथे चिखलाची वडी बसलेली असते आणि ती ओलीच राहते.

आता पत्रा

फटी झाल्यावरच पत्रा धुवायचा, उलटं केलं तर फटीतली घाण परत धुतलेल्या पत्र्यावर येते आणि दुप्पट काम. एका बादलीत शांपू, दुसरीत साधं पाणी, फडकं शांपूत बुडवून एक भाग पुसला की साध्या पाण्यात पिळून मगच परत शांपूत. टपापासून सुरू करून खाली, सरळ हात, गोल गोल नाही. चाकं आणि खालची पट्टी सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने.

आंब्याची काजळी असेल तिथे कोमट पाणी घ्या, हात बुडवता येईल इतपतच, आणि शांपूची पट्टी ठेवून दोन-तीन वेळा करा. बोट फिरवल्यावर चिकट लागायचं थांबलं म्हणजे झालं.

दगडफुलासाठी धीर धरा. ओली पट्टी अर्धा तास, मग जुनं प्लास्टिकचं कार्ड फडक्यात गुंडाळून त्याच्या कडेने हळूच ढकलायचं, पूर्ण निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी परत. निघाल्यावर नखाने लागणारा खड्डा राहिला असेल तर तो धुण्याने जाणार नाही, तिथे डिटेलिंगवाल्याकडून पॉलिश करून घ्या आणि किती काढावं लागेल ते त्याला आधी विचारा. नखाला लागत नाही, नुसतं खरखरीत वाटतंय, तर क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) पाण्याचा ओलावा ठेवून फिरवला की बहुतेक वेळा जातं.

पाणी जातंय का ते बघा

सगळं धुऊन झालं की वायपरखालच्या जाळीत एका बाजूने एक मग पाणी हळूहळू ओता आणि कोणाला तरी खाली वाकून बघायला सांगा, पुढच्या चाकाच्या मागे किंवा आसपास धार लागली पाहिजे. मग दुसऱ्या बाजूने. धार न लागता पाणी वर साठत असेल तर अजून आत काही अडकलंय. दारांच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, तीही काडीने मोकळी करा, दार हलवल्यावर आत पाणी खळखळत असेल तर ती बुजलेलीच आहेत. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतही पाणी जायची भोकं असतात, तिथे तार किंवा जोराची हवा मारू नका, आतली नळी निसटली तर पाणी थेट छताच्या कापडात.

वॉशिंग सेंटरला देणार असाल तर

द्या, काही वाईट नाही, पण फटींचं काम घरी करून मग द्या. मावशीची गाडी एका सेंटरवर दिली होती तेव्हा मुलाने गन थेट काचेच्या रबरावर अगदी जवळून धरली, मॉस निघालं आणि रबराची कडही उचकटली, नंतर पूर्ण पट्टी बदलावी लागली. त्या मुलाचा दोष म्हणवत नाही, त्याला कोणी सांगितलंच नसेल, रांगेत दहा गाड्या उभ्या. म्हणून आपणच उभं राहून सांगायचं: दादा, गन हातभर लांब धरा, धार पसरट ठेवा, रबर, जाळी, लाइटच्या फटी आणि जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे नको. ऐकतात, नीट सांगितलं की.

वाळवणं आणि नंतर

फडक्याने पुसा, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. मग दारं, डिकी, बोनेट उघडी ठेवून गाडी उन्हात दोन-तीन तास. नंतर एक छोटी चक्कर मारून या, फटीतलं पाणी निघतं आणि ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबले की तेही कोरडे होतात. पहिल्या चकरेत ब्रेक ओले असतात हे लक्षात ठेवून हळू चालवा.

गाडी वाळली की उन्हात कडेकडेने फिरून बघा. शेवाळ्याखाली टवका किंवा गंजाचा ठिपका सापडला तर टच-अप आत्ताच लावा. मग पत्र्याला वॅक्स, आणि रबर-प्लास्टिकला पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचं ड्रेसिंग, पातळ हात. वॅक्समुळे पाणी थेंब होऊन घसरतं, पण फटीतल्या मातीला वॅक्स काही करत नाही, ती आपल्यालाच काढायची आहे.

पुढच्या पावसाळ्यात परत होऊ नये म्हणून मी आता जास्त काही करत नाही. उघडीप मिळाली की दहा मिनिटं, एक ओलं फडकं आणि एक काडी, काचेची चारही रबरं, जाळी आणि टपाच्या पट्ट्या. बाबांची गाडी उभी असेल तर दर वेळी तोंड उलट्या दिशेला करून लावते, म्हणजे दोन्ही बाजूंना आळीपाळीने ऊन मिळतं. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालत नाही, ओल्या गाडीवर कव्हर म्हणजे बुरशीला पांघरूण. आणि दसऱ्याचा झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी काढा, हळद-कुंकू त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने टिपून घ्या. हार वाळून गळेपर्यंत ठेवायची पद्धत आहे आपल्याकडे, पण तो रात्रीच्या दवाने भिजत राहतो, जाळीत पाकळ्या कुजतात आणि बोनेटवर डाग उठतो.

शेवटी ती फडकी. वापरलेल्या पट्ट्या आणि मायक्रोफायबर तशीच बादलीत बोळा करून ठेवली तर दोन दिवसांत त्यांनाच बुरशी येते आणि पुढच्या रविवारी तीच गाडीला लागते. घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळी, कोमट पाण्यात धुवा, पिळा आणि कडक उन्हात दोरीवर टाका. ब्रशसुद्धा केस खाली करून टांगा, पेल्यात उभा ठेवू नका.